सासुरवाडीवर चढाई

आता काय सांगू तुम्हाला! माणसं लग्नाला जातात, मी सासुरवाडीवर चाल करून गेलो. तेही स्वतःच्या लग्नात!

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. मी फौजेतून रजेवर आलो होतो, डोक्यात साहेबांची बोलणी गच्च भरलेली. ट्रक म्हणजे लढाईचे पाय! समोरून भिडायचं नाही. बगलेनं, म्हणजे ‘फ्लँक’नं जायचं, थांबायचं नाही, थेट पाठीत शिरायचं!

वडिलांनी वऱ्हाडासाठी कोळसा वाहणारे दोन ट्रक ठरवले होते. पहिल्यात मी आणि गडीमाणसं. मागच्यात बायका, भटजी, मंगळसूत्र आणि पेट्रोलचा डबा.

पौड गाव मागं पडलं तसा मी ड्रायव्हरला म्हणालो, “डोंगरामागच्या गाडीवाटेनं घे.”

मामा ओरडले, “आरं, शिवंवर थांबावं लागतंय! व्याही वाजंत्री घिऊन हुबं असत्यात!”

“समोरून कुणीही जाईल, मामा!”

मागचा ट्रक बिचारा सरळ रस्त्यानं गेला. फौजेच्या भाषेत, माझी ‘सप्लाय लाइन’ तुटली. पण मला कुठली शुद्ध!

आम्ही शेतातून उसळत मांडवाच्या पाठीशी पोचलो. पेट्रोल तिथंच संपलं. गाव सगळं शिवेवर, मांडवात एकटा आचारी. कोळशानं काळेठिक्कर झालेले आम्ही धडाधड उड्या टाकल्या.

“दरोडा! दरोडा!” आचारी पळीसकट पळाला.

“अहो, मी नवरदेव आहे!”

“नवरदेव मागनं येत न्हाई!” हे तो पळता पळता बोलला, आणि खरंच होतं की हो ते!

तिकडे शिवेवर दुसऱ्या ट्रकात नवरदेव नाही म्हणून रडारड. मुहूर्त डोक्यावर. आचाऱ्याची बोंब ऐकून सासरे गावकऱ्यांसकट काठ्या घेऊन धावत आले. मला ओळखल्यावर त्यांनी काठी खाली ठेवली, पण आवाज काही खाली आला नाही.

“शिवंवर पूजा झाल्याबिगर मांडवात पाऊल टाकायचं न्हाई. जावा म्हागारी!”

माझी फौज आता पायदळ झाली. बाशिंग सावरत, वाटेत दिसेल त्याला नमस्कार करत शिवेवर गेलो. पूजा झाली, धावतपळत मुहूर्त गाठला, अक्षता पडल्या. मी सुटकेचा निःश्वास सोडतोय तोच सासरे पुन्हा हजर.

“आचारी काय म्हागारी येत न्हाई. भात कच्चा हाय, गाव उपाशी हाय. आता सांगा, फौजेत ह्येच शिकवत्यात व्हय? तुमी करता तरी काय तितं?”

मी छाती काढली. तेवढ्यात आमची आई कौतुकानं म्हणाली, “भटारखान्यात हाय की त्यो! साऱ्या पलटणीचा सैपाक करतोय!”

सासऱ्यांनी दुसरी पळी आणून माझ्या हातात दिली.

बाशिंगासकट मी साऱ्या गावाचं जेवण रांधलं. पंगती उठल्यावर बायको माझ्याशी पहिल्यांदा बोलली. पदराआडून, अगदी हळू.

“आमटीत मीठ इसरलात.”