गोधडीखालचं इंटरनेट

आपल्या घरात वस्तू हरवत नाहीत. तीस वर्षं ग्रंथपाल राहिलेल्या बाईच्या घरात तशी सोयच नसते. (तुमच्या आजोबांच्या कवळीच्या डबीवरही 'कवळी, वरची' असं लेबल आहे. खालची त्यांना अजून लागलेली नाही.)

म्हणून मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर, सई, तुझा पहिला शब्द कोणता यावरून वाद पेटला तेव्हा मी शांत होते. तुझे बाबा म्हणाले 'बाबा', तुझी आई म्हणाली 'आई', आणि ईशान, तू काही कारण नसताना 'पिझ्झा' म्हणालास. मी एवढंच म्हटलं, "पहिला शब्द 'आजी'. माझ्याकडे लेखी पुरावा आहे. रविवारी पाठवते."

पुरावा होता माझ्या पामटॉपमध्ये. वीस वर्षांपूर्वी मी सहा महिने तिकडे परदेशात तुमच्याकडे होते, तेव्हा तुमच्या बाबांनी मला तो तळहाताएवढा कॉम्प्युटर घेऊन दिला होता. सईचा पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळं त्यात तारीखवार लिहिलं. सेल पूर्ण उतरले की त्याची आठवण पुसली जाते, म्हणून आजवर दर दोन महिन्यांनी सेल बदलत आले. पण मधल्या काळात पडद्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला. वरचा मेनू दिसायचा, खालची बटणं दिसायची, मधला मजकूर गायब. आणि त्याच्या वायरीचं तोंड आजच्या कुठल्याच कॉम्प्युटरला बसेना.

आजोबांनी जुन्या जालन्यातल्या रफीकभाईंना बोलावलं. ते टीव्हीच्या रिमोटपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं दुरुस्त करतात.

"वायर सोडा मॅडम," पामटॉप फिरवून बघत ते म्हणाले. "याला रिमोटसारखा डोळा असतो. त्यातून न दिसणारा उजेड निघतो. त्याच्यावरून इंटरनेट जाईन."

"उजेडावरून?"

"बिलकुल."

ते पाटाएवढा जाड लॅपटॉप घेऊन आले होते. त्यालाही तसाच डोळा होता आणि आत लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टिम होती. "नव्या लिनक्समधून हे उजेडाचं काढून टाकलं. मी जुनंच ठेवलंय. म्हटलं, कोणी ना कोणी येईनच." एवढ्या आशेने मी वाचनालयाच्या सभासदांचीसुद्धा वाट पाहिली नव्हती.

योजना सोपी होती. मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला, लॅपटॉपचं पामटॉपला, मधात फक्त उजेड. मी मेनूतून 'सगळ्या नोंदी पाठवा' निवडलं आणि पत्ता दिला 'घरचे सगळे'.

"आधी मला पाठवा, तुम्ही वाचा, मंग घरच्यांना," रफीकभाई म्हणाले.

"गरज नाही. मला पाठ आहे."

दोन्ही यंत्रं वीतभर अंतरावर समोरासमोर ठेवली. काही झालं नाही. "उन्हात बी हाच उजेड असतो. यांचे डोळे दिपून राह्यले." पडदा ओढला. काही झालं नाही. शेवटी मी गोधडी आणली (कपाट दोन, खण तीन), आणि ऐन मे महिन्यात, भर दुपारी, आम्ही तिघं त्या यंत्रांसकट गोधडीखाली शिरलो.

"आमच्या टेंभुर्णीत असं सर्दी झाल्यावर करतेत," आजोबा अंधारातून म्हणाले.

लॅपटॉपवर एकच ओळ येत राहिली: समोर कोणी नाही.

रफीकभाईंनी मोबाइलचा कॅमेरा सुरू केला. "लॅपटॉपच्या डोळ्याकडं यातून बघा."

नुसत्या डोळ्यांना ती काच काळीच दिसत होती. कॅमेऱ्यात मात्र तिथे एक फिकट जांभळा ठिपका लुकलुकत होता, थांबत होता, पुन्हा लुकलुकत होता. घाम विसरून मी बघत राहिले. माझ्या नाकासमोर उजेड होता आणि तो मला दिसत नव्हता.

"हाक मारून राह्यला तो," रफीकभाई हळूच म्हणाले. "आपला जवाब देऊन न्हाई राह्यला."

आम्ही गोधडीबाहेर आलो. त्यांनी पेचकस काढला. "खोलावं लागंन."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

खोलायचं तर सेल काढावे लागणार, आणि सेलशिवाय पामटॉपला सगळं आठवतं ते जेमतेम एक मिनिट. म्हणजे दात, पाऊल, शब्द, सगळं जाणार. मी पामटॉप छातीशी धरला.

"राहू दे," आजोबा म्हणाले. "पहिला शब्द 'आजी'च होता. मी सगळ्यांना सांगतो." ते इतक्या प्रेमाने बोलले की मी जास्तच घाबरले.

"एक मिनिट मॅडम," रफीकभाईंनी पामटॉप मागून घेतला आणि वरच्या कडेला नख लावलं. "हे कंपनीचं न्हाई."

डोळ्यावरून पुस्तकांच्या पाठीला लावतात तसली काळी कापडी पट्टी निघाली. इतकी नेटकी कापलेली की कारखान्यातूनच आलेली वाटावी. तिच्यावर पांढऱ्या शाईत, पुसट झालेल्या माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'नाजूक भाग. हात लावू नये.'

मग आजोबांनी स्वतःहून गोधडी डोक्यावर घेतली.

या वेळी कॅमेऱ्यात दोन ठिपके होते. एक लुकलुकायचा, थांबायचा, मग दुसरा लुकलुकायचा. दोन म्हाताऱ्या यंत्रांचं बोलणं चाललं होतं, आणि त्या बोलण्यातून, जालन्याच्या एका गोधडीखालून, सईचा दात समुद्रापार चालला होता. वीस वर्षं मी त्या डोळ्याला धुळीपासून जपलं होतं, आणि बोलूही दिलं नव्हतं.

"गेलं," रफीकभाई म्हणाले.

पाच मिनिटांत तुमचा फोन आला. चौघंही पडद्यावर होतात आणि चौघांनाही हसू आवरत नव्हतं. सई, तूच वाचून दाखवलंस: "सकाळी आठ दहा. सईचा पहिला स्पष्ट शब्द: 'नको'. प्रसंग: मी भरवलेली पेज."

'आजी' नवव्या क्रमांकावर होतं. 'बूट'नंतर.

सगळ्या नोंदी मी छापून घेतल्या आहेत, तुमच्यासाठी फाइलही केली आहे. पहिल्या शब्दाच्या ओळीवर मात्र एक काळी पट्टी चिकटवलेली दिसेल. ती नवी नाही. नाजूक भाग आहे, हात लावू नये.