आधी पाणी, मग प्रश्न

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी ती दुपार आजही जशीच्या तशी आठवते. कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून सात वर्षांची एक मुलगी सकाळपासून बेपत्ता होती. मुलगी अल्पवयीन असल्यामुळे ठाणे अंमलदाराने नियमाप्रमाणे अपहरणाचा गुन्हा नोंदवला. वायरलेसवरून तिचे वर्णन सर्व ठाण्यांना कळवले आणि शोध सुरू झाला.

दुपारी खबऱ्याने माहिती आणली. कोळशाचे ट्रक थांबतात त्या चहाटपरीवर एक क्लीनर त्या मुलीशी बोलताना दिसला होता. शिपायांनी त्याला ठाण्यात आणले. विशीतला, हडकुळा तरुण. भटक्या जमातीच्या वस्तीत राहणारा. वस्तीचे नाव ऐकताच ठाण्यातल्या अर्ध्या लोकांचा तपास मनातल्या मनात पूर्ण झाला.

हवालदार विचारत राहिला आणि तो फरशीकडे पाहत राहिला.

"बोल ना गा! तोंडात कोळसा भरला का?" हवालदार वैतागला. "साहेब, दोन लावल्याशिवाय हा बोलत नाही."

"आधी त्याला पाणी द्या."

"घ्या, उघडली साहेबांची पाणपोई," हवालदार पुटपुटला. माझ्या या शिरस्त्याची ठाण्यात नेहमीच थट्टा होई.

शिपायाने माठातून पेला भरून आणला. तो दिसताच त्या तरुणाने वाकून ओंजळ पुढे केली. पाणी वरूनच ओतले जाणार, हे त्याने गृहीत धरले होते.

ती ओंजळ माझ्या ओळखीची होती. धम्मदीक्षा घेण्यापूर्वी माझी आजी गावात तशीच ओंजळ धरून पाणी पीत असे, हे आई आम्हा भावंडांना सांगायची. दीक्षेनंतर आजीने ओंजळ धरणे सोडले, आणि पुढे आईने आपल्या घरात एक नियम केला: दारात आलेल्याला आधी पाणी, तेही घरच्या पेल्यात, कोण, कुठला, कशासाठी आला, हे नंतर. पोस्टमन असो की भंगारवाला, त्यात फरक नसे. कायदा मी प्रशिक्षण केंद्रात शिकलो. तो वापरताना माणसाशी कसे वागावे, हे मात्र त्या दारातच शिकून झाले होते.

मी टेबलावरचा माझा पेला भरून त्याच्या हातात दिला आणि त्याच्याशेजारी बाकावर बसलो.

"हा तुमचा गिलास हाये नं, साहेब?"

"हो. पी."

तो सावकाश प्यायला. मग म्हणाला, "पोरगी इचारत होती, उमरेडले कोणता ट्रक जाते. आजीकडे जाचं म्हणे. मले वाटलं, मजाक करून राहिली. म्या हासत हासत एक खाली ट्रक दाखवला. थो ट्रक गेला, अन् मंग पोरगीबी दिसली नाही."

"मंग इतक्या वेळ काहून नाही बोलला?" हवालदार ओरडला.

"बोललो असतो तं तुमी म्हटलं असतं, तूच बसवली."

हवालदाराने वही ओढली आणि ट्रकची खूण विचारली.

ट्रकच्या केबिनवर लाल मोर काढलेला होता, एवढी खूण त्याला आठवत होती. रिकामा ट्रक उमरेडच्या खाणीकडे जातो तो भरण्यासाठी. मागच्या हौद्यात मूल आहे, हे कोळसा टाकणाऱ्याला दिसणार नव्हते. मी तत्काळ उमरेड ठाण्याला फोन लावला आणि तिथल्या सहकाऱ्यांनी भरणी थांबवली. रांग लांब होती, म्हणून लाल मोराची पाळी अजून आलेली नव्हती. हौद्यातल्या ताडपत्रीखाली मुलगी गाढ झोपली होती.

संध्याकाळी त्या तरुणाचा जबाब नोंदवून त्याला सोडले. घरी येऊन आईला सगळे सांगितले. ऐकून ती म्हणाली,

"पोरगी सापडली, चांगलं झालं. पन त्या पोराच्या मायले तू जाऊन सांगितलं का? पोलीस त्याले घेऊन गेले, एवढंच वस्तीले मालूम."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणवेशातच त्या वस्तीत गेलो. माणसाची जडणघडण लहानपणी होते असे आपण म्हणतो. माझी आई ते काम माझे केस पांढरे होईपर्यंत करत राहिली. तिचे हे ऋण मी आनंदाने मिरवतो.

त्या तरुणाची आई झोपडीच्या दारात उभी होती. मी बोलायला सुरुवात केली, तर तिने हातानेच मला थांबवले आणि ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याचा पेला होता. साहेब घेतील की नाही, या शंकेने ती दोन पावलांवर अडली. मी पुढे होऊन पेला घेतला, ओठ लावून पाणी प्यायलो, आणि मग तिला म्हणालो, "बाई, तुमच्या मुलाने काल एक लेकरू वाचवले."