काकूला राग आणण्याचा तास

माझे काका इंग्रजी शिकवतात, म्हणजे अंगाशी आलं तरी शिकवतात. त्यांचा नियम असा की शब्द आधी खोलीत घडला पाहिजे, मग फळ्यावर चढला पाहिजे. 'शिव्हर' शिकवताना त्यांनी माझ्याच कॉलरमध्ये बर्फ टाकला होता. सख्खा पुतण्या म्हणून फी माफ, पण सगळे प्रयोग माझ्यावर.

त्या दिवशी तीन नवीन माणसं फुकटचा तास बघायला आली होती. ती टिकली नाहीत तर वर्ग बंद, आणि काकांनी मेव्हण्याच्या फरशांच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. काकांना त्यापेक्षा मरण बरं वाटत होतं.

शब्द निघाला 'प्रोव्होक'.

"समोरच्याकडून काहीतरी बाहेर काढायचं," काका म्हणाले. "हसू निघेल, टीका निघेल, वादही पेटेल. पण जास्त करून राग. बघाच आता."

पडद्यापलीकडे स्वयंपाकघरात काकू मटार सोलत होती. काकांनी पडदा सरकवला.

"तुझ्या हाताला चव नाही."

"नाहीच मुळी," काकू म्हणाली.

"तुला व्यवहार कळत नाही."

"कळला असता तर इथे असते का?"

नवीन आलेल्या कंडक्टरबाई खुदकन हसल्या. काका घामाघूम झाले आणि त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं.

"तुझा भाऊ म्हणजे अकलेचा कांदा आहे."

"लहानपणापासून," काकू म्हणाली, आणि शेंग सोलली.

काकांनी खडू खाली ठेवला. मला त्यांची फार दया आली. शिकवण्यावाचून त्या माणसाला दुसरं काहीच येत नाही. नव्या मंडळींना ते म्हणाले, "माफ करा, आज जमलं नाही." मग पडद्याशी जाऊन हळूच म्हणाले, "चुकलं माझं. तुला उगाच बोललो."

काकू ताडकन उठली.

"काय म्हणालात?"

"चुकलं म्हटलं."

"संसारात इतकी वर्षं काढली मी. एकदा तरी निघालं का हे तोंडातून? घरात दोघंच असतो तेव्हा दातखीळ बसते, आणि आज चार माणसं जमवून चुकलं म्हणताय?"

मटाराचं ताट उडालं. दाणे बाकांखाली, चपलांमध्ये, माझ्या खिशात. कंडक्टरबाई भराभर वहीत उतरवून घेत होत्या.

"सर, समजलं," त्या म्हणाल्या. "आमची तिघांची नावं लिहून घ्या. आणि प्रोव्होक मुद्दाम करावं लागत नाही, हो ना?"

"नाही," काका बाकाखालून म्हणाले. ते दाणे वेचत होते आणि आनंदानं वेडे व्हायचे तेवढे बाकी होते.

"वर्ग सुटला," काकूनं जाहीर केलं. तिनं आम्हा सगळ्यांना जिन्यापर्यंत हाकललं. मी चपला शोधत मागे रेंगाळलो, तर मलाही दंडाला धरून बाहेर काढलं.

मग उंबऱ्यातूनच ती काकांकडे वळली. आवाज अजून चढलेलाच होता, पण डोळे भरले होते.

"दार लावा," ती म्हणाली, "आणि आता परत म्हणा."