प्रभाकररावांची आरशाची पेटी

प्रभाकरराव चहाआधी चष्मा पुसतात. औषधाची बाटली असो की कॅमेरा, आधी कानाशी नेऊन हलवून बघतात. चपलांच्या दुकानातून ओलावा शोषणाऱ्या पुड्या मागून आणतात, चपला मात्र घेत नाहीत. आणि कुणी "फोटो काढा" म्हटलं, की त्यांना खोकला येतो.

शेजारच्या आदेशनं मराठीत एम.ए. केलं होतं. बोरगाव मेघेत आपल्याला थक्क करील असं काही नाही, अशी त्याची खात्री होती. मग एकदा काकांनी कपाट उघडलं. यशोदाकाकूंच्या लुगड्यांखाली कॅमेरेच कॅमेरे. जर्मन, रशियन, जपानी.

"काका, यातून फोटो निघतात?"

"निघाले असते तर भानगडच नव्हती," काकू म्हणाल्या.

भानगड जुनी होती. हे सगळे रेंजफाइंडर. त्यांत लेन्समधून दिसत नाही, लेन्सशेजारच्या छोट्या खिडकीतून दिसतं. कारंज्याला मेव्हण्याच्या, महादेवरावांच्या लग्नात काकांना त्या खिडकीतून नवरानवरी झकास दिसत होते. लेन्सवर झाकण तसंच होतं. अख्खा रोल कोरा निघाला. तेव्हापासून सासुरवाडीत ते झाकणवाले जवाई.

म्हणून काकांनी आरशाची पेटी शोधून काढली. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये ती बसते. आतल्या आरशामुळे लेन्सला दिसतं तेच वरच्या काचेवर दिसतं. झाकण राहिलं तर लगेच कळतं. अशा पेट्या त्यांनी मग जमवतच नेल्या.

महादेवरावांच्या लेकीचं, समीक्षाचं साक्षगंध ठरलं, तेव्हा काका म्हणाले, "यावेळी मी काढतो. ते नाव धुऊन टाकतो."

आदेश साखरपुड्याला सोबत गेला. पेटीला लांब पल्ल्याची लेन्स लागते, म्हणून काका मागे सरकत सरकत आचाऱ्याच्या कढईपाशी पोचले. पेटीत डावंउजवं उलटं दिसतं, हे मात्र घाईत विसरले.

"पोरी, उजवीकडे सरक."

समीक्षा सरकली.

"तिकडे नाई वो, उजवीकडे."

ती पाटासकट सरकली. नवरदेव एकटाच उरला.

"जवाईबापू," महादेवराव म्हणाले, "तुमचा उजवा हात कोणता, तेवढा दाखवून द्या."

मांडव हसला. काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी समीक्षाला हातानंच जागेवर आणलं, श्वास धरला आणि बटण दाबलं. त्याच क्षणी आचाऱ्यानं भज्यांचा घाणा सोडला.

परतताना एसटीत काकांनी कॅमेरा कानाशी नेऊन हलवला. मग म्हणाले, "आदेश, तुले आवाज दोन आले का एक?"

आधी आरसा वाटेतून वर जायला हवा, मग शटर उघडायला हवं, म्हणजे आवाज दोन. शटर आधी उघडलं तर फिल्म कोरीच राहणार.

"मले तर भजेच आयकू आले, काका."

समीक्षा आता सासरी नांदते. फोटोसाठी तिचा फोन येतो, महादेवरावांचा तर येतोच. काकांचं उत्तर ठरलेलं, रोल संपू द्या, मग धुवायला देतो. परवा आदेशनं त्यांना अंगणात धरलं.

"काका, बकरी उभी आहे. काढा आणि संपवा."

"उजेड बरोबर नाई."

"मग काकूंचा काढा."

काकू खरंच पदर सावरून तुळशीपाशी उभ्या राहिल्या. काकांनी पेटीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लेन्स पुसायला म्हणून आत गेले.

रोल अजून अर्धाच आहे.