लाल पाटी आणि ताम्हिणीचा घाट

मारुंजीत मी ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्या घराच्या मालकांना सगळे आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हणायचो. त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला होता. पौडवरून ताम्हिणी घाट उतरून कोकणात विटा न्यायच्या आणि परतताना सुकी मासळी आणायची. मी राहायला आलो त्याच्या वर्षभर आधी अर्धांगाच्या झटक्याने त्यांचं उजवं अंग गेलं होतं. बोलणं थोडं जड झालं होतं, डोकं मात्र लख्ख होतं. दिवसभर ओटीवरच्या खुर्चीत बसून ते हिंजवडीकडे जाणाऱ्या गाड्यांचे गिअर ऐकायचे आणि चुकीचा गिअर टाकणाऱ्याला तिथूनच शिव्या घालायचे.

मी परभणीकडचा. हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या हे माझं पोट भरण्याचं साधन. आबांना हे काम काही पटायचं नाही. सपाटीवरच्या माणसाला घाट कळत नाही आणि दुसऱ्याच्या चुका मोजणाऱ्याला स्वतःची दिसत नाही, असं ते म्हणायचे. तेव्हा मी हसायचो.

घरात कॉम्प्युटर होता. आबांची सून, जिला मी वहिनी म्हणायचो, शाळेत शिकवायची आणि प्रश्नपत्रिका त्यावर टाइप करायची. दोन हजार सात-आठची ती गोष्ट. एका रविवारी दुपारी मी त्यावर ट्रकचा एक परदेशी गेम टाकला आणि आबांना खुर्चीसकट आत आणून बसवलं. कीबोर्ड डाव्या हाताला सरकवला. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी ट्रक दोनदा नदीत घातला. तिसऱ्यांदा मात्र गाडी अशी सुरळीत चालवली की वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"रस्ता बरा हाय," आबा म्हणाले, "पर आपला न्हाई. गाडी उलट्या अंगानं चालतीया."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "ह्येच्यात ताम्हिणी घालता येतीया का?"

येत होती. अशा गेममध्ये स्वतःचे रस्ते घालण्याला मॉड करणं म्हणतात आणि त्यासाठीची अवजारं हौशी लोक फुकट वाटतात. मी एक उतरवून घेतलं आणि नंतरचे सहा-सात महिने आमचे रविवार ताम्हिणीत गेले. आबा डोळे मिटून सांगायचे, मी रस्ता आखायचो. आताचा रुंद केलेला रस्ता त्यांना नको होता, त्यांच्या वेळचाच हवा होता. कुठे रेडिएटरला पाणी मिळायचं, कुठल्या आंब्याखाली गाड्या थांबायच्या, कुठल्या वळणावर समोरच्याला वाट दिल्याशिवाय गत्यंतर नसायचं, सगळं ओळीने सांगायचे. घाट उतरायला लागण्याआधी वाघजाईचा शेंदूर फासलेला धोंडा होता. तिथे प्रत्येक ड्रायव्हरने गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचं, हात जोडायचे आणि मगच पहिला गिअर टाकायचा, असा रिवाज होता. गेममध्येही धोंडा पाहिजे म्हणून ते अडून बसले. मी एक दगड रंगवून ठेवला. आबा तिथे गाडी थांबवायचे आणि डावा हात कपाळाला लावायचे. एकच हात जोडता येत नाही म्हणून त्यांना वाईट वाटायचं, ते त्यांनी एकदा बोलूनही दाखवलं.

यातलं एक अक्षर मी वहीत लिहिलं नाही. कॉम्प्युटरवर आहे तर वहीत कशाला, हा आमच्या नोकरीचा माज.

आता अडचण सांगतो. ते अवजार गेम चालू असताना गुपचूप त्याच्या आत शिरून आपला रस्ता पेरायचं. व्हायरसही नेमकं तेच करतो. मागच्या दाराने चोर येतो आणि घरचा माणूसही येतो, राखणीच्या कुत्र्याला फरक कसा कळावा? त्यात त्या अवजाराची आणखी एक खोड होती. रस्ता, झाडं, वळणं सगळं स्वतःसकट एका गठ्ठ्यात बांधून ते त्याची प्रोग्रॅमसारखी चालणारी एकच फाइल करायचं. म्हणजे अँटीव्हायरसला अवजार खटकलं की ताम्हिणीही गेली. पहिल्यांदा त्याने ती उचलून कोठडीत टाकली तेव्हा मी ती सोडवून आणली. दुसऱ्यांदा त्या फोल्डरला हात लावायचा नाही अशी सूट नोंदवली. पुढच्या अपडेटने सूटही मानली नाही. इंटरनेटवरच्या हौशी मंडळींना विचारलं, तर सगळे एका सुरात म्हणाले, खेळताना अँटीव्हायरस बंद ठेवा.

मी बंद ठेवला आणि पुन्हा चालू करायला विसरलो.

त्या काळात झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह आणला की त्यातून व्हायरस यायचाच. वहिनीच्या पेन ड्राइव्हमधून तो आला आणि सहामाहीच्या सगळ्या प्रश्नपत्रिका खाऊन बसला. माझा निरुपद्रवी गठ्ठा महिनोन्महिने पकडला जात होता आणि हा खरा चोर दिवसाढवळ्या आत आला, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्या रविवारी वहिनीकडून चहा आला नाही, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून मी घराला शिस्त लावली. अँटीव्हायरस चालू केला, गेमच्या फोल्डरची सूट पुन्हा नोंदवली, या वेळी ती टिकली, आणि दोघांना समोर बसवून नियम सांगितला. व्हायरस सापडल्याची लाल पाटी पडद्यावर आली की पहिलं बटण दाबायचं, डिलीट. बाकीच्या बटणांना हात लावायचा नाही, मला विचारायचं नाही, वेळ घालवायचा नाही. आबांकडून तर मी चार वेळा करून घेतलं. माउस डाव्या हाताने धरायला त्यांना जड जायचं. चौथ्यांदा जमलं तेव्हा ते खूश झाले. बसल्या जागी घराच्या उपयोगाचं एक काम आपल्याला करता येतंय, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

दिवाळीला मी परभणीला गेलो. घाट जवळजवळ पुरा झाला होता, खालची शेवटची चार वळणं तेवढी राहिली होती. आल्यावर ती करू आणि मग आबांनी वरून खालपर्यंत एकदम गाडी न्यायची, असं ठरलं होतं. माझ्या मागे अँटीव्हायरसची मुदत संपली. वहिनीने दुकानातल्या माणसाला बोलावून नवा घालून घेतला. जुन्याबरोबर माझी सूटही गेली.

परत आलो तेव्हा आबा ओटीवर माझीच वाट बघत होते. पिशवी खाली ठेवायच्या आतच बोलले.

"लई मोठा व्हायरस घुसला व्हता. घरात कुणी न्हवतं. लाल पाटी आली, म्या काढून टाकला."

मी आत जाऊन पाहिलं. फोल्डर रिकामं होतं. आबा बाहेरून विचारत होते, समदा गेला नव्हं? मी म्हणालो, गेला आबा, बरं केलंत. दुसरं काय म्हणणार होतो? खरं सांगितलं असतं तर त्या माणसाने पुन्हा माउसला हात लावला नसता. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा भयंकर राग आला होता. सहा महिने जे स्वतःच्या तोंडाने सांगितलं ते ओळखता येऊ नये? मग तोच राग माझ्यावर उलटला, आणि स्वतःवरचा राग काही कुठे काढता येत नाही.

एक नक्कल पेन ड्राइव्हमध्ये होती. कंपनीच्या फाटकावर पेन ड्राइव्ह काढून घेतात, म्हणून ती माझ्या खोलीतच असायची. धावत जाऊन आणली आणि लावली. नवा अँटीव्हायरस पेन ड्राइव्ह लावल्या लावल्या न विचारताच साफ करत होता. आधी तो बंद करायचा, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. लोकांच्या चुका शोधून पगार घेणाऱ्या मला ते कळेपर्यंत "स्वच्छ" अशी हिरवी पाटी आली होती.

पुसलेलं परत आणणारं एक सॉफ्टवेअर मिळवलं. अँटीव्हायरसने तेही व्हायरस म्हणून धरलं. बंद करून चालवलं, तर फाइलचं नाव मिळालं, आकारही बरोबर मिळाला, पण उघडली की आत नुसता कचरा. मधल्या दिवसांत वहिनीने त्या डिस्कवर माहेरच्या लग्नाचे व्हिडिओ भरले होते. मी तिला दोष दिला नाही, तिला यातलं काही सांगितलंही नाही. आबांना मात्र सांगितलं की गेम बिघडलाय, दुरुस्तीला वेळ लागेल.

खरं तर त्याच रविवारी पुन्हा सुरुवात करायला हवी होती. सांगणारा माणूस बाहेर ओटीवर बसला होता. पण मी रुसलो होतो. कुणावर, ते मला आजही सांगता येत नाही. पुढच्या रविवारी करू म्हणालो, मग कामाचं निमित्त काढलं, मग नुसतंच टाळलं. आबा दर रविवारी दुपारी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार बसायचे. दोन-तीनदा त्यांनी विचारलं, मग विचारणंही सोडलं. सदरा मात्र घालायचे.

थंडी संपता संपता त्यांना दुसरा झटका आला.

दवाखान्यातून आणल्यावर ते आम्हाला ओळखायचे, जेवायचे, डावा हातही पहिल्यासारखाच चालायचा. वहिनी म्हणाली, भावजी, त्यांना तुमच्या त्या खेळासमोर बसवा, बरं वाटंल त्यांना. मी पेन ड्राइव्हवर ते अवजार पुन्हा आणलं. एक वहीही विकत आणली, पेन आणलं. आबांना खुर्चीसकट आत घेतलं आणि त्यांच्या शेजारी वही उघडून बसलो. पहिल्या पानावर वर "ताम्हिणी" लिहिलं.

"आबा," मी विचारलं, "वाघजाईच्या पुढं पहिलं वळण कुठल्या अंगाला?"

मी पुन्हा सांगितलं, घाटाच्या तोंडाशी शेंदराचा धोंडा, तुम्ही तिथं गाडी बंद करायचात. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं. त्यांना माझ्यासाठी आठवायचं होतं, तेवढं मला दिसत होतं.

"कंची वाघजाई?" ते म्हणाले.

मी पेनाचं टोपण लावलं. दुसरं काही सुचेना म्हणून पेन ड्राइव्ह लावला, निदान ट्रक तरी दिसू दे म्हटलं. न विचारता साफ करायची अँटीव्हायरसची सवय मी मागेच बंद केली होती. अवजार सुरू केलं आणि पडद्यावर लाल पाटी आली.

मी काही करायच्या आत आबांचा डावा हात पुढे आला. त्यांनी माउस धरला, बाण हळूहळू पहिल्या बटणावर नेला, नीट रोखला आणि दाबला. पाटी गेली. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि थांबले.

"बरं केलंत आबा," मी म्हणालो.