तळाशी जाण्याचं कारण

अंदमानला जाऊन समुद्रात स्कूबा करायचं, असं आम्ही नवरा-बायकोने दिवाळीतच ठरवलं होतं. धुळ्याच्या तरणतलावात थोडा सरावही झाला. मग सोनगीरला काकांकडे जेवायला गेलो, तेव्हा बायकोने कौतुकाने सांगितलं, "नाना, आम्ही पाण्याच्या तळाशी जाणार आहोत."

नानांनी हातातला घास खाली ठेवला. "कोन बुडनं?"

आसपासच्या गावांत कुणी विहिरीत पडलं की प्रेत काढायला नानांनाच बोलावणं यायचं. तळाशी जायचं ते त्यासाठीच. दुसरं कारण त्यांना माहीतच नव्हतं. मासे बघायला जातोय म्हटलं, तरी ते मला म्हणाले, "खाले डोया उघडजो नको. नुसतं चाचपजो." एकदा चेहरा दिसला की तो जन्मभर समोर येतो, म्हणे.

मला रागच आला. जेवता जेवता असलं बोलणं कशाला? मी मोबाइलवर त्यांना व्हिडिओ लावून दिला. निळं पाणी, रंगीत मासे, खडकांवरून हात फिरवत जाणारा एक माणूस. नानांनी तो शेवटपर्यंत पाहिला. माणूस रिकाम्या हातांनी वर आला.

"नही सापडनं," नाना म्हणाले आणि ताटावरून उठले.