घोडीच्या मागची जागा

शहाद्याच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आम्ही त्यांना फोटोवाले काका म्हणायचो. गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी सरळ केल्याशिवाय ते कॅमेऱ्याला हात लावत नसत. फोटोत चालत्या माणसाच्या पुढे मोकळी जागा ठेवावी, हे त्यांनीच मला शिकवलं.

साठ सालाच्या आसपास बाबांनी सारंगखेड्याच्या यात्रेत आमची घोडी विकली. तिचा शेवटचा फोटो काढायला काकांना नेलं होतं. नवा मालक घोडीवर बसून निघाला, ती दौडू लागली, तरी काका थांबूनच होते. अगदी शेवटी त्यांनी बटण दाबलं.

फोटो पाहून बाबा नाराज झाले. घोडीचं तोंड कडेला कापलं गेलं होतं आणि मागे सगळं मोकळं मैदान.

"भाऊ, पुढे जागा का बरं नही सोडी?"

काका चष्मा पुसत म्हणाले, "दादा, ती त जाई ऱ्हायनी व्हती. मांगे तुम्ही उभा व्हतात. तुमले कसं सोडू?"

बाबांनी फोटो पुन्हा हातात घेतला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ते एकटे उभे होते. लगाम सोडलेला हात अजून तसाच पुढे होता.